साडूकडे जाण्याचा हवाई मार्ग

साडूंनी ते वाक्य जेवणाच्या टेबलावर, अकरा माणसांच्या देखत उच्चारलं, त्यामुळे ऐकूच आलं नाही असं दाखवायची सोय उरली नाही.

"डॉक्टर," साडू म्हणाले, "तुमचं ते विमान पुढून ओढावं लागतं की मागून ढकलावं लागतं?"

अकराच्या अकरा माणसं हसली. त्यांत डॉक्टरांची बायकोही होती. ती तोंडाला रुमाल लावून हसली, पण बावीस वर्षं दातांचा दवाखाना चालवणाऱ्या माणसाला रुमालाआडचं हसू कळायचं राहत नाही.

झालं होतं ते असं. मेहुणीचा वाढदिवस होता. मेहुणी राहते शहराच्या पलीकडच्या टोकाला आणि डॉक्टर अलीकडच्या. साडू आदल्या दिवशी कामासाठी इकडे येऊन डॉक्टरांकडेच मुक्कामाला होते. सकाळी नऊ वाजता दोघे एकाच फाटकातून बाहेर पडले. साडू त्यांच्या त्या प्रचंड गाडीतून थेट घराकडे आणि डॉक्टर आपल्या लहान गाडीतून उड्डाण क्लबकडे, विमान काढायला. डॉक्टरांची बायको साडूंच्या गाडीत बसली. "विमानात बसायचं तेव्हा बसेन, आज मला वेळेवर पोचायचंय," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

साडू एक तास चाळीस मिनिटांत पोचले. डॉक्टरांना क्लबवर जायला चाळीस मिनिटं लागली, विमान तपासायला अर्धा तास, आणि मग आकाशात एक तास पन्नास मिनिटं. पलीकडच्या छोट्या धावपट्टीवर उतरून त्यांनी "मला न्यायला या" असा फोन केला. न्यायला साडूच आले. तोपर्यंत त्यांची एक डुलकी काढून झाली होती, ते त्यांच्या गालावरच्या उशीच्या वळांवरून दिसतच होतं.

आता सरळ रेषेत पाहिलं तर हे अंतर विमानाने अर्ध्या तासाचंसुद्धा नाही. पण शहराच्या बरोबर मधोमध मोठा विमानतळ आहे. तिथे दर दोन मिनिटांनी एक अजस्र विमान उतरतं नाहीतर उडतं, आणि त्याच्या आजूबाजूचं आकाश हे आपलं तुमचं-आमचं आकाश नसतं. तिथे न दिसणाऱ्या भिंती असतात. आत शिरायचं असेल तर नियंत्रण कक्षाला रेडिओवरून परवानगी मागावी लागते. म्हणून डॉक्टर दर वेळी त्या भिंतींना पाठ घासत, सगळ्या शहराला वळसा घालून जात. इंधन वाचतं म्हणून नव्हे, निसर्ग बघायचा म्हणूनही नव्हे. डॉक्टरांना रेडिओवर बोलायची भीती वाटायची.

विमान चालवायची नाही हं. ते त्यांना उत्तम जमायचं. वादळी वाऱ्यात त्यांनी एकदा ते असं अलगद टेकवलं होतं की क्लबवरचं झोपलेलं कुत्रं उठलं नव्हतं. पण बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटलीच. त्याला कारणही होतं. बावीस वर्षं त्यांनी ज्यांच्याशी गप्पा मारल्या त्या सगळ्यांच्या तोंडात नळी, कापूस आणि आरसा असायचा. समोरच्याने "आं" म्हणावं आणि आपण पुढचं वाक्य बोलावं, ही त्यांची संभाषणाची कल्पना. रेडिओवरचा माणूस मात्र उत्तर देतो. तेही भराभरा, आकड्यांत, आणि वर ते आकडे आपल्याला परत म्हणून दाखवायला लावतो.

तर अकरा माणसं हसली, आणि डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या वेळी मधून येतो."

"मधून म्हणजे?" साडूंनी घास हवेत थांबवला.

"शहराच्या मधून. विमानतळावरून. अर्ध्या तासात."

डॉक्टरांची बायको रुमाल खाली ठेवून म्हणाली, "मधून जाणार असाल तर मी बसेन विमानात."

डॉक्टर विमान चालवायला लागल्यापासूनच्या तीन वर्षांत ती एकदाही त्यात बसली नव्हती. डॉक्टरांनी विनवण्या केल्या होत्या, विमानाचा सुरक्षिततेचा इतिहास वाचून दाखवला होता, एकदा तर खिडकीशेजारची जागा राखून ठेवतो असंही सांगितलं होतं. चार आसनांच्या विमानात सगळ्याच जागा खिडकीशेजारी असतात, हे तिला ठाऊक होतं. आणि आज, अकरा साक्षीदारांसमोर, ती आपणहून हो म्हणाली होती.

"बघूच," साडू म्हणाले. "दोन महिन्यांनी जेवायला या. मी घड्याळ घेऊन उभा राहतो."

*

उड्डाण क्लबच्या मॅडम डॉक्टरांच्या गुरू. पंचवीस वर्षं शिकाऊ वैमानिकांच्या शेजारी बसून मॅडमच्या चेहऱ्यावरची घाबरायची यंत्रणा कायमची बंद पडली होती. पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्यांनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं.

"तीन गोष्टी सांगायच्या," त्या म्हणाल्या. "आपण कोण, कुठे आहोत, काय पाहिजे. ते काय सांगतील ते परत म्हणायचं आणि तसं करायचं. बस."

"एवढंच?"

"एवढंच. आत्मचरित्र नको."

डॉक्टरांची निराशा झाली. ज्या गोष्टीची आपल्याला इतकी वर्षं भीती वाटली ती एवढीशी असावी, हे कोणत्याही स्वाभिमानी माणसाला पटत नाही. त्यांनी नकाशे विकत घेतले. एक पूर्ण शहराचा, एक फक्त आकाशाचा आणि एक दोन्हींचा मिळून, ज्यात काहीच कळत नव्हतं. तिन्ही जेवणाच्या टेबलावर अंथरले. घरचे लोक, म्हणजे डॉक्टर आणि बायको, तेव्हापासून उभ्याने जेवू लागले.

उजळणीला कुणीतरी समोरून बोलणारं हवं होतं. बायको चौथीच्या वर्गाची शिक्षिका. वर्गात बेचाळीस मुलं. बेचाळीस जण एकदम बोलत असताना कोण काय मागतंय, कोण खोटं बोलतंय आणि कुणाला खरंच बाहेर जायची गरज आहे, हे तिला वहीतून मान वर न करता कळतं. नियंत्रण कक्षात याहून वेगळं काही चालत असेल असं वाटत नाही.

घराची आखणी झाली. झोपायची खोली म्हणजे क्लबची धावपट्टी. पॅसेजमधला फ्रिज म्हणजे वीटभट्टीची उंच चिमणी, जिच्यावर पोचल्यावर परवानगी मागायची. जेवणाचं टेबल म्हणजे विमानतळ, तिथे बायको वह्या तपासत बसलेली. आणि गॅलरी म्हणजे साडू. इंजिनाच्या आवाजासाठी मिक्सर लावून ठेवायचा. डॉक्टर मांडीला नकाशाची पाटी बांधून खोलीतून निघायचे. ती बांधायला पट्टा मिळाला नाही म्हणून रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा वापरला होता, त्यामुळे चालताना मधूनच मांडीवर सुस्कारा ऐकू यायचा.

"नियंत्रण कक्ष, मी सात-दोन-चार," फ्रिजपाशी उभं राहून डॉक्टर आपल्या विमानाचा नंबर पुटपुटायचे.

"ऐकू येत नाही."

"मी सात-दोन-चार!"

"ओरडू नका. स्पष्ट बोला. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

"सात-दोन-चार, चिमणीवर आहे, उंची अडीच हजार फूट, तुमच्या हद्दीतून पलीकडे जाण्याची... जाण्याची..."

"काय पाहिजे ते सांगा. मागे मुलं उभी आहेत."

तिसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे काका होते. बस डेपोतून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून सगळ्या इमारतीचं वेळापत्रक सांभाळणारे. रोज संध्याकाळी पाऊण तास चालणाऱ्या मिक्सरमध्ये हे लोक नेमकं काय वाटतात, हे विचारायला ते आले होते. त्यांनी पाऊल आत टाकलं.

"दारातच थांबा, काका," वहीतून वर न बघता बायको म्हणाली. "डॉक्टर क्रॉस होतायत."

काकांच्या समोरून डॉक्टर दोन्ही हात किंचित पसरून, फुसफुसत्या मांडीने, गॅलरीकडे गेले. काका मुळीच गडबडले नाहीत. डेपोत त्यांनी याहून वाईट पाहिलं होतं. उलट बसले, चहा घेतला आणि सगळी योजना समजावून घेतली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज हजर. गुडघ्यामुळे सावकाश चालत असल्याने त्यांना मालवाहू विमान केलं. ते टेबलाभोवती फेऱ्या मारायचे आणि त्यांच्या मागून, अंतर राखून, डॉक्टरांनी जायचं.

फेऱ्या मारताना काकांनी शंका काढली. "परवानगी लेखी मिळाली का?"

"रेडिओवर मिळते. तोंडी."

काका टेबलाशीच थांबले. मालवाहू विमान असं मधेच थांबत नाही, पण सांगणार कोण. "तोंडी?" ते म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही साधे आहात. उद्या वर गेल्यावर तो म्हणाला, मी कुठे हो म्हणालो, तर काय दाखवाल? डेपोत एक गाडी मी तोंडी हुकमावर सोडली होती. बत्तीस वर्षं झाली. अजून माझ्या कागदपत्रांत लाल शाई आहे."

रात्री डॉक्टरांना झोप लागली नाही. सकाळी ते हवाई खात्याच्या कार्यालयात रांगेत होते.

*

खिडकी क्रमांक चारमागच्या कारकुनाने "शहरावरच्या हवेत जायचंय" एवढं ऐकलं आणि अर्ज क्रमांक सात पुढे सरकवला. डॉक्टरांनी तो भरला. "उड्डाणाचे प्रयोजन" या रकान्यात त्यांनी आधी "साडू" लिहिलं, मग खोडून "कौटुंबिक" लिहिलं.

"कौटुंबिक म्हणजे?" कारकुनाने विचारलं. "लग्न, मयत, की इतर?"

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "इतर."

"इतरला जोडपत्र लागतं. तीन प्रतींत."

जोडपत्र घेऊन डॉक्टर पुन्हा आले तेव्हा "अर्जदाराचा व्यवसाय" हा रकाना रिकामा निघाला. तो त्यांनी खिडकीपाशीच भरला. कारकुनाने वाचला. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि आ केला.

"मागची. वरची. गार पाण्याने कळ येते."

डॉक्टरांनी मोबाइलचा दिवा लावून पाहिलं. मागे चौदा माणसांची रांग होती. तिला वाटलं, ही अर्जाचीच एक पायरी. मागचे दोन-तीन जण घाईघाईने बाजूला जाऊन चूळ भरून आले. डॉक्टरांनी कीड दाखवली, गोळी लिहून दिली, दवाखान्यात या म्हणाले. कारकून आला, दाढ भरून घेऊन गेला, आणि नवव्या दिवशी घरपोच परवाना आला. गोल शिक्का, लंबगोल शिक्का आणि हिरव्या शाईतली सही. काकांनी तो उजेडात धरून पाहिला आणि "आता कसं!" म्हणाले.

डॉक्टर तो मॅडमकडे घेऊन गेले. मॅडमनी चष्मा लावला, वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"डॉक्टर, तुम्हाला दोरीने बांधलेला जाहिरातीचा फुगा साठ मीटर उंचीपर्यंत सोडायची परवानगी मिळाली आहे."

"फुगा?"

"व्यास तीन मीटरपेक्षा जास्त नको."

"मग विमानाचं काय?"

"विमानाला अर्ज नसतोच. तुम्हाला सांगितलं होतं ना? वर जायचं आणि विचारायचं."

मॅडमनी कागद दुमडून त्यांच्या खिशात घातला, तेही जरा हळुवारपणेच.

तोवर उजळणी अंगात इतकी भिनली होती की डॉक्टरांना थांबवणं कठीण झालं होतं. दवाखान्यात एक बाई खुर्चीत बसल्या आणि "डॉक्टर, डावीकडची खालची," म्हणाल्या. डॉक्टर सुई हातात घेऊन खणखणीत आवाजात उद्गारले, "डावीकडे, खालची, समजलं, सात-दोन-चार!" बाई उठून बसल्या. "सात-दोन-चार नाही हो, एकच!" त्यांनी गळ्यातला कागदी रुमाल काढला आणि चालू लागल्या. बाहेरच्या खोलीत वाट पाहणारे दोघेही त्यांच्या मागोमाग गेले.

संध्याकाळी बायकोने हे ऐकून घेतलं आणि मिक्सरचं बटण बंद केलं. "आता पुरे," ती म्हणाली. "परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी मुलांनाही खेळायला सोडते."

"मला येतंय का पण?"

"मला समोर बसवून येतंय," ती म्हणाली. ती कधीच खोटे गुण देत नाही.

*

ठरलेल्या रविवारी हवा स्वच्छ होती. वारा हलका, ढग नाहीत, सबब सांगायला काही म्हणून जागा नाही. बायको शेजारच्या आसनावर बसली, पट्टा बांधला, कानांवर हेडफोन चढवला आणि हात मांडीवर ठेवले. ती घाबरली होती. ती घाबरली की हात मांडीवर ठेवते, हे एकट्या डॉक्टरांनाच माहीत होतं.

विमान उडालं. दहा मिनिटांत वीटभट्टीची चिमणी आली. डॉक्टरांनी रेडिओवर नियंत्रण कक्षाचा आकडा लावला, घसा साफ केला आणि बोलायची वाट पाहू लागले.

फट मिळेना. एक विमान उतरत होतं, दुसरं उडायला निघालं होतं, तिसरं वळत होतं, चौथ्याला उंची हवी होती, आणि या सगळ्यांशी एक शांत, किंचित दमलेला आवाज श्वास न घेता बोलत होता. कुणी थांबलं म्हणून डॉक्टरांनी बटणावर अंगठा ठेवावा, तर तेवढ्यात दुसरा सुरू. डॉक्टर चिमणीभोवती फेऱ्या मारू लागले. एक फेरी झाली, दोन झाल्या. खाली भट्टीवरची माणसं वर बघू लागली. तिसऱ्या फेरीला त्यांनी हात केले. चौथ्या फेरीला हात करणं बंद झालं आणि ती काळजीने एकत्र जमली.

"अहो, पाच," बायको म्हणाली.

"काय पाच?"

"फेऱ्या. माझं डोकं गरगरतंय."

नेमक्या त्याच क्षणी रेडिओवर फट पडली. डॉक्टरांनी अंगठा दाबला. दोन महिन्यांची तयारी, तीन नकाशे, मालवाहू काका, सगळं घशाशी एकदम दाटून आलं आणि तोंडून बाहेर पडलं ते असं:

"नमस्कार. मी दातांचा डॉक्टर."

आकाशात शांतता पसरली. शहराच्या चारी बाजूंना उतरणारी, चढणारी, वळणारी विमानं होती, त्यांच्यातला एकही वैमानिक बोलेना. मग त्यांतल्या कुणीतरी बटण दाबून नुसतंच खोकून घेतलं.

"दातांचे डॉक्टर," तो दमलेला आवाज म्हणाला, "थांबा."

डॉक्टरांचे कान तापले. खाली उतरून भट्टीत शिरावं असं त्यांना वाटलं. बायकोने मांडीवरचा एक हात उचलला आणि त्यांच्या गुडघ्यावर, नकाशाच्या पाटीवर ठेवला. पाटी फुसफुसली.

"हं, डॉक्टर. आता सांगा. विमान कोणतं, कुठे आहात, काय हवं?"

आणि गंमत बघा, सगळ्यात वाईट बोलून झाल्यावर बोलायला सोपं गेलं. "सात-दोन-चार, वीटभट्टीच्या चिमणीवर, अडीच हजार फूट, आपल्या हद्दीतून पूर्वेच्या छोट्या धावपट्टीकडे जायची परवानगी हवी." एका दमात. मागच्या बाकापर्यंत जाईल असं.

उंची मिळाली, दिशा मिळाली, यंत्रात घालायचा चार आकडी नंबर मिळाला. डॉक्टरांनी एकेक परत म्हटलं. "बरोबर," आवाज म्हणाला. पन्नाशीच्या माणसाला आयुष्यात असं "बरोबर" फार थोड्या वेळा मिळतं.

"सात-दोन-चार, डावीकडे मोठं विमान उतरतंय. दिसलं की सांगा, त्याच्या मागून जा."

डॉक्टर डोळे फाडून बघत होते. दिसलं ते बायकोला. "ते बघा. खालच्या बाजूला. केवढं आहे हो!" एखादी इमारत आडवी होऊन तरंगत जावी तसं ते त्यांच्या पुढून गेलं. मग डॉक्टर वळले आणि विमानतळाच्या बरोबर डोक्यावर आले. खाली धावपट्ट्या आखीव समासासारख्या. विमानं रांगेत उभी. त्यांच्या पलीकडे सगळं शहर, ज्याला ते तीन वर्षं लांबून वळसा घालत होते, गच्च्यांसकट, पाण्याच्या टाक्यांसकट, वाळत घातलेल्या चादरींसकट उघडं पडलं होतं.

"ती माझी शाळा," बायको म्हणाली. "मैदान किती लहान आहे. मी मुलांना उगाच म्हणते, एवढं मोठं मैदान आहे, पळा की." ती खिडकीला नाक लावून बघत राहिली. हात मांडीवर नव्हते.

"सात-दोन-चार," रेडिओ म्हणाला, "जरा वेग वाढवता येईल का? मागे लोक आहेत."

"हाच माझा वेग आहे," डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी मान वर करून सांगितलं, पण रेडिओवर ते दिसत नाही.

चिमणीवरच्या फेऱ्या धरूनसुद्धा ते चाळीस मिनिटांत पलीकडे उतरले. फेऱ्या वजा केल्या तर अठ्ठावीस. डॉक्टरांनी त्या वजा केल्या.

*

साडू खरोखरच घड्याळ घेऊन धावपट्टीशी उभे होते. शेजारी मेहुणी. साडूंनी घड्याळाकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ कानाला लावून पाहिलं.

जेवताना ते पाणी घ्या, मीठ घ्या याखेरीज फारसं बोलले नाहीत. शेवटी मेहुणीच म्हणाली, "अहो, परत जाताना आपणही जाऊ यांच्याबरोबर. दोन दिवस राहू. तिकडून बसने येऊ."

"मला काय," साडू म्हणाले. "येऊ की. पुढे बसेन पण. रस्ता मला माहीत आहे."

चार माणसं बसायची म्हणजे वजनाचा हिशेब आला. तो डॉक्टरांना टाळता येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांना टाळायचाही नव्हता. धावपट्टीशी कागद-पेन्सिल घेऊन त्यांनी विचारलं, "आपलं वजन?"

"पंच्याहत्तर," साडू म्हणाले.

"ब्याण्णव," मेहुणी म्हणाली.

"ते बूट घालून."

डॉक्टरांनी ब्याण्णव लिहिलं, बेरीज दोनदा केली, सामानातली एक पिशवी खाली ठेवायला लावली. जमलं.

चाकांनी जमीन सोडली आणि साडूंचं वाक्य मध्येच तुटलं. अठरा वर्षांच्या नात्यात डॉक्टरांनी असं कधी ऐकलं नव्हतं. शेजारी पाहिलं तर साडूंनी डोळे घट्ट मिटलेले, एका हातात दाराची कडी, दुसऱ्या हातात स्वतःचाच पट्टा, आणि चेहऱ्याचा रंग दवाखान्यातल्या भिंतीसारखा. मागे दोघी बहिणी खिडकीतून कोणाचं घर कुठे यावर वाद घालत होत्या.

हद्दीजवळ आल्यावर डॉक्टरांनी रेडिओ घेतला. या वेळी आपला नंबर त्यांनी नीट सांगितला.

"सकाळचे दातांचे डॉक्टर का?" तोच आवाज होता. "वारा फिरलाय, सगळी रहदारी उलट केली आहे. थोडं थांबलात तर मधून सोडतो. दोन मोठी विमानं जातील, त्यांच्या मधल्या फटीतून."

हेडफोन सगळ्यांच्या कानांवर होते. साडूंनी एक डोळा उघडला.

"कोणाच्या मधल्या?"

"दोन मोठ्या विमानांच्या," डॉक्टर म्हणाले. "काही नाही, पंधरा मिनिटांत पलीकडे."

"नको!" साडूंनी कडी सोडून डॉक्टरांचा दंड धरला. "डॉक्टर, तुमच्या पाया पडतो. बाहेरून घ्या. लांबून घ्या. वळसा घाला. मला कुठेही वेळेवर पोचायचं नाहीये!"

मागचा वाद थांबला. डॉक्टरांनी दंड हळूच सोडवून घेतला, बटण दाबलं, आणि दोन महिन्यांत साधला नव्हता अशा स्वच्छ, सावकाश आवाजात सांगितलं, "सात-दोन-चार. आभारी आहे. आम्ही बाहेरून जातो. प्रवाशाच्या विनंतीवरून."

"समजलं, डॉक्टर. सावकाश जा."

ते सावकाश गेले. एक तास पन्नास मिनिटं. डॉक्टरांनी मधूनमधून साडूंना खालची ठिकाणं नावानिशी सांगितली. साडूंनी एकही पाहिलं नाही.

क्लबवर उतरल्यावर साडू चार पावलं चालले आणि धावपट्टीकडेच्या गवतात बसले. मॅडमनी शेडमधून पाहिलं आणि न विचारता पाण्याचा तांब्या पाठवून दिला. डॉक्टर शेजारी बसले. जिंकल्याची एक लहर मघाशी येऊन गेली होती. पण समोर बसलेला ब्याण्णव किलोंचा माणूस तांब्या दोन्ही हातांनी धरून पाणी पीत होता, आणि डॉक्टर शेवटी डॉक्टर होते. त्यांनी त्याची नाडी पाहिली.

"लहानपणापासून," साडू म्हणाले. "गच्चीवरसुद्धा कडेला जात नाही मी. म्हणून तर सगळीकडे गाडी." त्यांनी तोंड पुसलं. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. फार वाटते."

"खाली पडायची?"

"छे. बोलायची. रेडिओवर, परक्या माणसाशी."

साडूंनी तांब्या खाली ठेवला. आता पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग येत होता. "बोलायची?" ते अविश्वासाने म्हणाले. "बोलायची भीती? मला तर बोलायची कधी म्हणजे कधीच भीती वाटली नाही."

"ते," मेहुणी चपलांवरचं गवत झटकत म्हणाली, "आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."